ज्योतीची सावली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी चालणाऱ्या विज्ञानाच्या स्तंभात ‘आग म्हणजे काय?’ या प्रश्नाला दिलेले उत्तर वाचले. घन, द्रव आणि वायू यांच्यापलीकडे प्लाझ्मा नावाची चौथी अवस्था असते, आग ही त्या अवस्थेतील वस्तू आहे, सूर्यही तसाच जळत असतो आणि आदिम भीतीमुळे माणसाची नजर आगीवर खिळते, असा त्या उत्तराचा एकंदर आशय होता. मी अग्निशमन दलात 31 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. जिच्याशी आयुष्यभर समोरासमोर गाठ पडली, तिच्याविषयी मुलांना चुकीचे सांगितले गेलेले पाहून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आग कशाची बनलेली असते, हा प्रश्न विचारतानाच आपण फसतो, कारण ती एखादी वस्तू आहे हे आपण त्यात गृहीत धरतो. भाषाही आपल्याला त्याच वाटेने नेते. आग ‘लागली’ असे आपण म्हणतो, जणू ती बाहेरून आली आणि चिकटली. वावटळीचा विचार केला तर मुद्दा लवकर ध्यानात येतो. वावटळ डोळ्यांना दिसते, तिला आकार असतो, ती मैदानातून चालत जाते, पण धूळ आणि वारा बाजूला काढल्यावर ‘वावटळ’ म्हणून काही उरत नाही. ज्योतीचेही तसेच आहे. तिच्यातला वायू क्षणाक्षणाला बदलत असतो, आकार तेवढा टिकून राहतो.

या चुकीला मोठी परंपरा आहे, हेही सांगायला हवे. अठराव्या शतकात जॉर्ज स्टाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रभावामुळे युरोपातील विद्वान असे मानत की, जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य असते आणि जळताना ते निघून जाते. एवढ्या मोठ्या ओंडक्याची ओंजळभर राख झालेली पाहिली की ही कल्पना कोणालाही पटावी. परंतु धातू हवेत तापवून त्याचे भस्म केले की वजन वाढते. मग निघून गेले ते काय? इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी 1774 मध्ये पाऱ्याच्या भस्मातून प्राणवायू मिळवला, तरी स्वतः ते अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनलाच धरून राहिले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी मात्र तराजूवर भरवसा ठेवला आणि जळणे म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग होणे, ही मांडणी 1777 पासून ठामपणे केली.

आता लाकडाकडे येतो. लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाला लाकडाची नसते. लाकूड साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याचे विघटन होऊ लागते आणि त्यातून ज्वलनशील वायू व वाफा बाहेर पडतात. हे वायू आणि वाफा हवेत मिसळून पेट घेतात, तेव्हा ज्वाला दिसते. म्हणूनच बारकाईने पाहिले तर ज्वालेचा तळ पुष्कळदा लाकडाला टेकलेला नसतो. वायू निघून गेल्यावर मागे राहतो तो कोळसा, आणि त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायू थेट येऊन भिडतो. हा कोळसा ज्वालेविना लाल होतो, त्याला आपण निखारा म्हणतो. मराठीने या अवस्था किती नेमक्या वेगळ्या केल्या आहेत, याचे मला नोकरीत नेहमी नवल वाटे. धुमसणे, पेटणे, भडकणे, धगधगणे, विझणे ही एकाच गोष्टीची पाच नावे नाहीत. धुमसणारी गादी आणि भडकलेला पडदा विझवण्याची रीत वेगळी असते, आणि ‘धुमसतंय’ एवढा एक शब्द ऐकला की जवानाला आत काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येतो.

धूर हेच इंधन असते, हे मी पुस्तकात वाचले होते, पण खरे शिकलो ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. एका बंद गोदामात आम्ही पाइप घेऊन रांगत शिरलो होतो. माझ्या वरिष्ठांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबले आणि म्हणाले, “सामानाकडे नको, धुराकडे बघ.” छताखाली काळपट धुराचा थर साचला होता आणि त्याचा खालचा काठ हळूहळू आमच्या डोक्याकडे उतरत होता. काही क्षणांतच त्या थरात, कोणत्याही सामानापासून कितीतरी दूर, नारिंगी रंगाच्या बारीक जिभा सरपटत गेल्या आणि नाहीशा झाल्या. जळत होता तो धूरच. वरिष्ठांनी छताच्या दिशेने पाण्याचे दोन छोटे फवारे मारले आणि आम्हाला मागे घेतले. एक लिटर पाण्याची सुमारे 1700 लिटर वाफ होते आणि ती होताना प्रचंड उष्णता शोषली जाते, म्हणून ते दोन फवारे पुरले. अशा वेळी बंद खोलीचे दार एकदम उघडू नये, असे आम्ही लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचे कारणही हेच आहे: आत तापलेले इंधन तयार असते, कमी असते ती फक्त हवा.

हीच गोष्ट मेणबत्तीत सुरक्षितपणे पाहता येते. ज्योत फुंकून विझवली की वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढते. ती थंड होऊन बारीक थेंबांत गोठलेली मेणाची वाफ असते. त्या रेघेला वातीपासून दोन-तीन बोटे वर पेटती काडी लावली, तर ज्वाला रेघेवरून धावत खाली येते आणि वात पुन्हा पेटते. मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांना हे एकदा दाखवले, तर मेण जळते की मेणाची वाफ, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

प्लाझ्माचा मुद्दा थोडक्यात सांगतो. प्लाझ्मा म्हणजे ज्यातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटून विद्युतभारित कण मोठ्या प्रमाणात तयार झालेले असतात, असा वायू. ज्वालेत विद्युतभारित कण असतात, ही गोष्ट खरी आहे. बॉयलरमध्ये ज्योत पेटली आहे की नाही हे ओळखणारे उपकरण त्यांच्याच आधारावर चालते. पण मेणबत्तीच्या किंवा लाकडाच्या ज्वालेत त्यांचे प्रमाण इतके कमी असते की, तिला तापलेल्या, प्रकाशमान वायूंचे मिश्रण म्हणणेच योग्य ठरते. आकाशातली वीज खरोखर प्लाझ्मा असते, तारेही असतात, पण म्हणून सूर्य जळत नाही. त्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रके एकत्र येऊन हेलियम तयार होतो आणि त्या घडामोडीत प्राणवायूचा काही संबंध नसतो. तो कोळशासारखा जळत असता, तर काही हजार वर्षांतच संपला असता.

मग ज्योत उजळते कशाने? तळाशी दिसणारा निळा रंग रासायनिक क्रियेचा आहे. तिथे हवा भरपूर मिळते आणि इंधनाचे मोडलेले, अस्थिर तुकडे तयार होतानाच निळा प्रकाश देतात. वरचा पिवळा भाग मात्र काजळीचा आहे. हवा न मिळालेल्या वाफेतून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते 1000 अंशांहून अधिक तापल्यामुळे तापलेल्या लोखंडासारखे प्रकाशतात. पिवळ्या भागात थंड चमच्याची पाठ क्षणभर धरली, तर हेच कण चमच्यावर काळे होऊन बसतात. भिंत काळी करणारी आणि खोली उजळणारी गोष्ट एकच आहे, फरक केवळ तापमानाचा, हे मला आजही थक्क करते.

ज्योतीचा निमुळता आकारही तिचा स्वतःचा नाही. तापलेला वायू हलका होऊन वर जातो, खालून थंड हवा येते, आणि त्या ओढीने ज्योत लांबट होते. वजनरहित अवस्थेत वर-खाली असा भेद उरत नाही. 1992 मध्ये अंतराळयानात आणि पुढे 1996 मध्ये रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर मेणबत्त्या पेटवून पाहिल्या, तेव्हा त्यांच्या ज्योती जवळजवळ अर्धगोलासारख्या, मंद आणि निळ्या दिसल्या. ज्वाला वर झेपावते ती पृथ्वी तिच्याभोवतालची थंड हवा खाली ओढते म्हणून.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, हवेत 21 टक्के प्राणवायू आणि सभोवती एवढे लाकूड असूनही जग एकदम पेट घेत नाही. प्राणवायूच्या रेणूची रचनाच अशी आहे की, सामान्य तापमानाला तो सहजासहजी संयोग पावत नाही. त्याला पहिला धक्का लागतो. ठिणगीने काही रेणू मोडतात, त्यांचे तुकडे इतरांना मोडतात, त्यातून आणखी तुकडे निघतात आणि साखळी सुरू होते. अशा साखळी क्रियांवरील संशोधनाबद्दल सेम्योनॉव्ह आणि हिन्शलवूड या रसायनशास्त्रज्ञांना 1956 चे नोबेल मिळाले. आमच्या प्रशिक्षणात आगीचा त्रिकोण शिकवत, म्हणजे इंधन, प्राणवायू आणि उष्णता. पुढे त्याला ही साखळी चौथी बाजू म्हणून जोडली गेली. कोरड्या पावडरचा मारा ज्वाला इतक्या झटकन विझवतो, त्याचे एक मोठे कारण म्हणजे ती हे तुकडे टिपून साखळी तोडते.

आणि हा प्राणवायू वनस्पतींनी हवेत सोडलेला असतो, इंधनही त्यांनीच घडवलेले असते. लाकूड जळते, तेव्हा प्रकाशसंश्लेषणाची क्रिया उलटी धावते: कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पुन्हा मोकळे होतात आणि पानांनी अडवून ठेवलेले ऊन उजेड व धग होऊन बाहेर येते. वणव्याच्या सर्वांत जुन्या खुणा, म्हणजे कोळशाचे जीवाश्म, 40 कोटी वर्षांहून थोडे अधिक जुने आहेत, त्याच सुमारास जमिनीवर वनस्पती स्थिरावत होत्या. जिथे जीवसृष्टी नाही, तिथे अशी आगही नाही.

आता आकर्षणाविषयी. त्या स्तंभातील ‘आदिम भीती’ मला पटत नाही. भ्यालेला माणूस बाहेर पडण्याची वाट शोधतो. मी पाहिलेली गर्दी दोर बांधून मागे रेटावी लागे. तोंडावर झळ येईपर्यंत लोक पुढे सरकत आणि झळ लागली की एक पाऊल मागे जाऊन पुन्हा थांबत. त्यांच्या चेहऱ्यावर मी बहुधा एक गुंगी पाहिली, भीती क्वचित. मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी दक्षिण आफ्रिका खंडातील कलहारी वाळवंटात राहणाऱ्या जु’होआन्सी लोकांच्या संभाषणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. दिवसा त्यांचे बोलणे मुख्यतः कामधंद्याचे आणि तक्रारींचे असे, तर रात्री शेकोटीभोवतीच्या संभाषणांपैकी 81 टक्के गोष्टी सांगण्यात जात. आगीने माणसाला ऊब दिली हे आपण जाणतो. दिवस मावळल्यानंतरचे, कशासाठीही न राबवता येणारे तास तिने दिले, याचा विचार कमी होतो.

मानववंशशास्त्रज्ञ डॅनिएल फेस्लर यांची 2006 मधली मांडणी याहून थोडी वेगळी आहे. ज्या समाजांत आग रोजच्या वापरात असते, तिथली मुले ती लहानपणीच हाताळायला शिकतात आणि मग तिच्याशी खेळण्याची त्यांची ओढ ओसरते; जिथे मुलांना आगीपासून दूर ठेवले जाते, तिथे ती ओढ मोठेपणीही रेंगाळते. हे मला निम्मे पटते. हाताळायला शिकल्याने काडी ओढून पाहण्याची खाज जाते, हे मी नव्या भरतीच्या जवानांत पाहिले आहे. बघत राहण्याची इच्छा मात्र जात नाही. 31 वर्षांनंतर माझी गेलेली नाही.

माझा समज असा आहे की, निर्जीव गोष्टींपैकी ज्वालेइतकी सजीवासारखी वागणारी दुसरी गोष्ट आपल्या नजरेस पडत नाही. ती खाते, श्वास घेते, वाढते, तिच्यापासून दुसरी होते, उपासमारीने ती मरते. हे साम्य केवळ दिसण्यापुरते असते, तर मी ते लिहिले नसते. लाव्हाझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी 1782-83 च्या हिवाळ्यात एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, त्याच्या उबेने किती बर्फ वितळला आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे मोजले, आणि कोळसा जाळून मिळणाऱ्या आकड्यांशी ते ताडून पाहिले. दोन्हींचा मेळ बराच जुळला. श्वसन हे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भुकेला ‘पोटात आग पडली’ असे म्हणणाऱ्या आपल्या भाषेला हे फारसे अनोळखी वाटू नये. ज्योतीकडे टक लावून बसलेला माणूस स्वतःच्या शरीरात अहोरात्र चाललेल्या क्रियेची उघडी, वेगवान आवृत्ती पाहत असतो.

आपणास माझी विनंती आहे की, पुढील अंकात त्या उत्तराची दुरुस्ती छापावी आणि सोबत मुलांसाठी एक प्रयोग द्यावा. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळात मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली, त्यात तो त्यांनी दाखवला होता. घरी त्याला फक्त कडक ऊन लागते. खिडकीतून येणाऱ्या उन्हात, वारा नसताना, मोठ्यांनी मेणबत्ती पेटवून ठेवावी आणि मागे पांढरा कागद उभा धरावा. कागदावर ज्योतीची सावली पडते. तिच्यातला सर्वांत काळा भाग कोणता, हे मुलांनी आधी ओळखावे आणि मग पाहावे. डोळ्यांना सर्वांत तेजस्वी दिसणारा पिवळा भागच सर्वांत गडद सावली पाडतो, कारण काजळीचे कण तिथेच दाटलेले असतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अग्निशमन अधिकारी