जनुक गप्प करून पाहताना

महोदय,

'क्रिस्पर' या जनुकात फेरफार करण्याच्या तंत्राची बातमी आली की ती हटकून आजार बरा करण्याची किंवा 'हवे तसे मूल' घडवण्याची असते. प्रयोगशाळांत या तंत्राचा रोजचा उपयोग मात्र निराळाच आहे: एखादे जनुक जिवंत पेशीत नेमके काय करते, हे शोधण्याचा. माणसाची प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजार. त्यांतल्या कित्येकांचे काम अजून पुरते उलगडलेले नाही.

मार्ग सरळ आहे. जनुक बंद पाडायचे आणि पेशीचे काय बिघडते ते पाहायचे. मार्गदर्शक आरएनए (जागा दाखवणारा छोटा रेणू) यातली सुमारे २० अक्षरे 'कॅस-९' या कापणाऱ्या विकराला डीएनएवरच्या ठरलेल्या जागी नेतात, तिथे काप जातो आणि तो सांधताना पेशी अनेकदा चुकते व जनुक मोडते. संशोधकाला हवी असते ती हीच चूक! पण जे जनुक मोडताच पेशीच मरते, त्याचे काय? त्यासाठी २०१३ मध्ये आलेली युक्ती मला सर्वांत चतुर वाटते. कॅस-९ची कापण्याची शक्तीच काढून घेतली, की ते जनुकावर नुसते ठाण मांडून बसते आणि त्याचे वाचन रोखते. डीएनए शाबूत राहतो.

मार्गदर्शक आरएनए कधीकधी भलत्याच जागी चिकटतो. म्हणून 'अमुक रोगाचे जनुक सापडले' असा मथळा देण्यापूर्वी आपल्या वार्ताहरांनी एवढे विचारावे: त्याच जनुकावर दुसरा मार्गदर्शक वापरून तोच परिणाम मिळाला का? आणि ते जनुक पेशीत परत घातल्यावर बिघाड दुरुस्त झाला का?

– एक वाचक