थर्मास तुझा, हीटर माझा

पुणे, रविवार रात्र

प्रिय विन्या,

सात महिने पत्र नाही. शिव्या सगळ्या आत्ताच संपवू नकोस, पुढे आणखी कारण मिळणार आहे. गुडघा ठीक, साखर जैसे थे, आईचं मोतीबिंदूचं झालं. तब्येतीचं पुराण समाप्त.

आप्पांच्या माळ्यावर आपल्या जुन्या अंतराळ प्रदर्शनातला स्पेनचा फलक सापडला. प्रदर्शन पुन्हा भरवायचं ठरलंय आणि फलक शुक्रवारी छपाईला जायचाय. मधोमध ठळक अक्षरांत वाक्य आहे: ‘अंतराळातल्या कडाक्याच्या थंडीत एरेराचा पोशाख माणसाला ऊब देतो.’ वाक्य माझं, खाली नावं दोघांची. तू तेव्हा म्हणत होतास की हा माणूस थर्मासमध्ये बसलाय, त्याला ऊब कसली देतोस? मी सर्वांदेखत ‘चहाचा पोशाख’ म्हणून तुझी टर उडवली आणि सरांनी माझ्या बाजूने कौल दिला. विन्या, तू बरोबर होतास. हे एकदाच लिहितोय, कात्रण काढून ठेव.

लाज वाटते ती याची, की उत्तर एरेराच्या चाचणीतच होतं. एमिलिओ एरेरा, ग्रानादाचा, लष्करी इंजिनियर. १९३५ साली त्याने पोशाख केला तो बलूनच्या उघड्या टोपलीतून स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे वरच्या विरळ हवेत जायला. आत हवाबंद रबरी थर. खांदे, कोपरं, गुडघे, अगदी बोटांनासुद्धा पेटीच्या भात्यासारख्या चुण्या. कारण आत दाब भरला की साधा पोशाख सायकलच्या ट्यूबसारखा ताठ होतो आणि हात वाकत नाही. शिरस्त्राणाच्या काचेचे तीन थर: एक न फुटणारा, एक अतिनील अडवणारा, एक अवरक्त अडवणारा. मायक्रोफोनमध्ये कार्बन नाही, ऑक्सिजनमध्ये ठिणगी नको म्हणून. इतका विचार करणाऱ्या माणसाने आत विजेचा हीटरही बसवला होता. मग चाचणी घेतली. बाहेर उणे ७९ अंश, आत अधिक ३३! हीटर निरुपयोगी. खरी अडचण उष्णता बाहेर काढण्याची निघाली. पुढे १९३६ला स्पेनमध्ये गृहयुद्ध पेटलं, उड्डाण राहिलं ते राहिलंच. पोशाखाच्या रबरी कापडाचे सैनिकांसाठी रेनकोट शिवले म्हणतात.

आकडेमोड तू तेव्हा पाकिटाच्या पाठीवर करून दाखवली होतीस, मी बघितली नाही. आता केली. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकतो, कष्ट करणारा ३०० ते ५००. आजूबाजूला हवाच नाही, म्हणजे वहन-अभिसरण संपलं. उरलं फक्त प्रारण, उष्णता किरणांनी बाहेर जाणं. वर चांदीसारखा चकचकीत थर असेल, त्याची उत्सर्जकता (किरण टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.०५ धर, क्षेत्रफळ २ चौरस मीटर. बाहेरचा पृष्ठभाग अगदी २७ अंशांवर असला, तरी बाहेर जातात जेमतेम ४६ वॉट. आणि हे ऊन धरलंच नाही तेव्हा. म्हणजे नुसता बसून राहिला तरी तापत जाणार.

म्हणून आजच्या पोशाखात आतून पाण्याच्या नळ्यांचं बनियन असतं. ते पाणी पाठीवरच्या पेटीत गार होतं. तिथे सच्छिद्र धातूच्या पत्र्यावर वेगळं पाणी सोडतात; ते निर्वातात गोठतं आणि बर्फाची थेट वाफ होते. किलोभर पाणी असं उडालं की, गोठताना सुटलेली उष्णता वजा जाता, सुमारे २५०० किलोज्यूल घेऊन जातं. ५०० वॉटच्या कामाला तासाला साधारण ७२० ग्रॅम. माठाचीच युक्ती, फक्त माठाला निर्वात लागत नाही.

आणि हे बिघडलं की काय होतं, ते तुझ्या लाडक्या माद्रिदवाल्याच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या मोहिमेत दोनदा दिसलं. मायकेल लोपेस-अलेग्रिया, नोव्हेंबर २००६, सोबत रशियन अंतराळवीर त्यूरिन. त्यूरिनच्या रशियन पोशाखातली गारव्याची नळी मुडपली, पाणी फिरेना. पोशाखातून बाहेर येऊन नळी सरळ केली, तासाभराहून जास्त खोळंबा झाला. (त्यानंतर त्यूरिनने गोल्फचा चेंडू टोलवला. नळीवरून लक्ष उडवायला असेल.) २२ फेब्रुवारी २००७ला दोघं पुन्हा बाहेर. स्थानकाच्या मागच्या बाजूला जोडलेल्या प्रोग्रेस मालवाहू यानाचा अँटेना मिटला नव्हता. यान सुटताना तो स्थानकात अडकेल, म्हणून त्याच्या काड्या कापायच्या होत्या. त्यूरिनला पुन्हा गारवा पुरेना, काच धुकटली. घामाची वाफ काचेवर बसते आणि हात आत घालून ती पुसता येत नाही, एवढं साधं कारण.

त्याच्या आधी, ३१ जानेवारी आणि ४ फेब्रुवारीला, लोपेस-अलेग्रिया आणि सुनीता विल्यम्स यांनी केलं तेही गारव्याचंच काम, फक्त अख्ख्या स्थानकाचं. तात्पुरत्या अमोनिया वाहिन्या काढून कायमच्या जोडायच्या. एकदा ७ तास ५५ मिनिटं, एकदा ७ तास ११. स्थानकाच्या आत पाणी फिरतं, कारण अमोनिया विषारी. बाहेर अमोनिया, कारण पाणी गोठेल आणि तो उणे ७७ पर्यंत द्रव राहतो. जोडणी सोडवताना अमोनियाचे कण पोशाखावर उडाले तर तसंच आत यायचं नाही. ब्रशने झाडायचे, उन्हात थांबून उडू द्यायचे, मग एअरलॉकमधली (आत-बाहेर करायच्या हवाबंद खोलीतली) हवा तपासायची.

‘पहिला स्पॅनिश अंतराळवीर’ कोण, यावर मात्र मी हटणार नाही. लोपेस-अलेग्रिया माद्रिदला जन्मला आणि ऑक्टोबर १९९५ला उडाला. भले दंडावर अमेरिकेचा झेंडा असेना. पेद्रो दुके ऑक्टोबर १९९८चा. तू म्हणणार, दुके स्पॅनिश नागरिक म्हणून गेला. ठीक, फलकावर दोघं घालतो. दुकेच्या यानात ७७ वर्षांचा जॉन ग्लेन होता, ज्याचं १९६२चं उड्डाण स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या रेडिओ केंद्राने ऐकलं होतं, तेही घालतो. नवा अंतराळवीर पाब्लो आल्वारेस आणि राखीव यादीतली सारा गार्सिया यांचीही नावं हवीत. दोघंही लेओनचे, तिथल्या पाण्यात काहीतरी असावं.

तुमचं घर बदलून झालं का? चिऊचा निकाल? वहिनींना नमस्कार. माद्रिदजवळच्या फ्रेस्नेदियासचं चांद्र संग्रहालय बघून येणार होतास, गेलास की नुसत्याच गप्पा?

आता मुद्दा. ते वाक्य बदलायचंय, जागा पंचवीस शब्दांची. ‘थंडी नव्हे, उष्णता’ असं लिहिलं तर तेही अर्धवट, आणि आप्पा म्हणतात, पोरांना थंडी कळते, राहू दे. रात्री दोनला उठून तीन मसुदे फाडले. म्हणणं तुझं होतं, वाक्यही तूच लिही. गुरुवारपर्यंत. थर्मास शब्द चालेल.

पण एक लक्षात ठेव. सावलीतला गार धातूचा कठडा तासन् तास धरला की बोटं बधिर होतात, म्हणून अमेरिकन पोशाखाच्या हातमोज्यांत बोटांच्या टोकांशी विजेचे हीटर असतात. तेवढा हीटर माझा.

तुझा,
बापू