घसा तिसऱ्यांदा धरला तेव्हा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ‘वातावरण बदलल्यामुळे घशाच्या तक्रारी वाढल्या’ अशी बातमी होती. गरम पाण्याच्या गुळण्या करा, थंड खाऊ नका, असा सल्लाही खाली दिला होता. त्यात चुकीचं काही नाही. पण औषध घेऊनही ज्याचा घसा पुन्हापुन्हा धरतो त्याने काय करायचं, याबद्दल एक ओळही नव्हती. लोणंदला माझं औषधाचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार आहे तो दुकानामुळे थोडा आणि माझ्या हातून घरातच जी चूक झाली तिच्यामुळे जास्त.

मुलगा अकरा वर्षांचा. गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या संध्याकाळी त्याला कणकण आली, आवंढा गिळता येईना. मी दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं तीन गोळ्यांचं पाकीट आणलं. दिवसाला एक. तिसऱ्या दिवशी पोरगं विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचत होतं. आठवडाभराने पुन्हा ताप, पुन्हा घसा. मग मी सेफिक्झिम ही दुसरी अँटिबायोटिक गोळी सुरू केली. हे औषध ‘एच-वन’ यादीतलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायचं. 2014 पासून त्याच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या ते लिहावं लागतं. ते रजिस्टर माझ्या गल्ल्याशेजारी असतं आणि मी माझ्याच मुलाला ती गोळी चिठ्ठीशिवाय दिली. चौथ्या दिवशी ताप नव्हता म्हणून बंदही केली. बारा दिवसांनी तिसऱ्यांदा घसा धरला. या वेळी जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी हाताला लागत होत्या.

त्या दिवशी माझी मावशी दुकानात आली होती. ती दर 21 दिवसांनी येते. तिला बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, ते माझ्याकडून घेऊन शेजारच्या दवाखान्यात टोचून घेते. पांढरी पूड असते, पाणी घालून हलवली की दुधासारखं दाट होतं, बारीक सुई घेतली तर अडकते. टोचलेली जागा दोन दिवस ठणकते. चौतिसाव्या वर्षी पुण्याला तिच्या हृदयाची झडप बदलली. मुलगा आत बाकावर आडवा होता. मावशीने त्याच्या गळ्याला हात लावला आणि मला म्हणाली, “आरं, माझंबी आसंच व्हायचं. गळा सुजायचा, चार दिसांनी बरं वाटायचं. मग गुडघं धरलं. आई म्हणायची, वाढीचं दुखणं हाय.”

मी हे तिच्याकडून आधीही ऐकलं होतं. डी. फार्म.ला पुस्तकातही वाचलं होतं. घशातला स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू नीट मारला नाही तर दोन ते चार आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. पण त्या बाकापाशी उभं राहून मी पहिल्यांदा दिवस मोजले. पहिल्या दुखण्याला चार आठवडे होत आले होते.

त्याच संध्याकाळी मुलाला बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी खोकला आहे का, नाक वाहतं का ते विचारलं. दोन्ही नव्हतं. टॉर्च लावून मला जवळ बोलावलं आणि घसा दाखवला: पडजीभ लालभडक, दोन्ही टॉन्सिल सुजून मधोमध टेकायला आलेले आणि त्यांवर भाताच्या शितांसारखे पांढरे ठिपके. ताप, गळ्यात दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरं आणि खोकला नाही, या चार गोष्टी एकत्र दिसल्या की हा जंतू असण्याची शक्यता वाढते, पण खात्री घशातलं सॅम्पल तपासूनच होते, असं त्या म्हणाल्या. मी लगेच विचारलं, कुठली गोळी सुरू करू? त्या म्हणाल्या, “सॅम्पल घेईपर्यंत काहीही नाही. आधी गोळी पडली की जंतू उगवत नाही, मग आपल्याला कळणार काय?”

सॅम्पल घेणं म्हणजे लांब काडीला गुंडाळलेला कापूस दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर घासणं. मुलाने ओकारी काढली, माझा हात घट्ट धरला, दहा सेकंदांत काम झालं. नळी पुण्याला गेली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: अ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. खाली औषधांची यादी. एरिथ्रोमायसिनपुढे आर, अ‍ॅझिथ्रोमायसिनपुढे आर, पेनिसिलिनपुढे एस. आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एस म्हणजे मरतो. मी पहिल्यांदा दिलेली गोळी त्याला लागूच पडत नव्हती. दुसरी लागू पडण्यासारखी होती, पण ती मी चार दिवसांत थांबवली.

मग साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं. 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. वीस डोस. गोळ्यांवर भरवसा वाटत नसेल तर पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरतं, 27 किलोच्या वरच्या मुलाला 12 लाख युनिटचं, असंही डॉक्टरबाईंनी सांगितलं. मुलगा मावशीचं दुखणं बघत आलेला, त्याने गोळ्याच मागितल्या. घरात कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराला असतं. बायकोने त्यावर सकाळची एक आणि रात्रीची एक अशा रेघा मारल्या. तिसऱ्या दिवशी तो ठणठणीत झाला आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली, कारण पुढचे सात दिवस बऱ्या झालेल्या मुलाला गोळी द्यायची होती. विसावी रेघ मारली. त्यानंतर घसा धरलेला नाही. हृदय तपासलं, ठीक आहे. पुढचे तीन-चार आठवडे सांधे सुजतात का आणि लघवी चहासारखी गडद होते का यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तसं काही झालं नाही. धाकट्या मुलीचंही सॅम्पल घेऊ का, असं मी विचारलं होतं. तिला काही होत नसेल तर गरज नाही, म्हणाल्या. काहींच्या घशात हा जंतू नुसता वस्तीला असतो. अशा माणसाला साधी सर्दी झाली तरी रिपोर्टमध्ये तो दिसतो आणि मग उगाच औषधांमागून औषधं दिली जातात.

हेही स्पष्ट लिहितो, नाहीतर हे पत्र वाचून उद्या लोक दहा दिवसांच्या गोळ्या मागायला येतील. दुखणारे बहुतेक घसे विषाणूमुळे दुखतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. तिथे गुळण्या, विश्रांती आणि तापाची गोळी हेच औषध. पण एकदा जंतूचं निदान झालं आणि औषध घेऊनही घसा बरा होत नाही, तर त्याहून जबर गोळी मागू नका. कारण शोधा. कोर्स अर्धवट राहिला का? औषध लागू पडणारं होतं का? घरात किंवा वर्गात दुसऱ्या कुणाचा घसा धरलाय का, म्हणजे लागण नव्याने होतेय का? तोंड उघडता येत नाही, एकाच बाजूला जास्त सूज आहे, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, तर टॉन्सिलच्या मागे पू झालेला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आता माझ्या व्यवसायबंधूंसाठी. आमच्याकडे कांद्याचा बाजार मोठा. बाजाराच्या दिवशी हमाल येतात, “चार गोळ्या द्या घशाच्या” म्हणतात. मी कात्री घेऊन पाकीट कापत आलो. चार गोळ्यांना जेवढे पैसे लागतात तेवढेच त्याच्या खिशात असतात, हे मला ठाऊक आहे. मागचा कापलेला तुकडा गल्ल्यात पडतो, त्यावर नावही राहत नाही आणि तारीखही. पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून. ती रेघ मी कात्रीने किती वेळा कापली, मोजता येणार नाही. गेल्या वर्षापासून अँटिबायोटिकचं पाकीट कापणं बंद केलंय. चिठ्ठीवर जितके दिवस असतील तितके सगळे द्यायचे. पैसे कमी असतील तर उरलेले वहीवर. काही बुडतात. पण कोर्स पुरा होतो.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात नेमकं घशाचंच उदाहरण दिलं होतं. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, पुरेसं घेत नाही, जंतू मरत नाहीत पण औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. कॉलेजात सरांनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं होतं. माझे चुलते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. 1954 साली उभ्या राहिलेल्या त्या सरकारी कारखान्याचं त्यांना फार अप्रूप होतं, देशात पेनिसिलिन बनतं म्हणून. घशातल्या या जंतूवर ते जुनं, स्वस्त औषध आजही चालतं. इतक्या वर्षांत त्याला हा जंतू सरावलेला नाही. आपण मात्र त्याच्याऐवजी तीन दिवसांची पाकिटं विकतो, कारण गिऱ्हाइकाला दहा दिवस नको असतात. आणि मावशीचं इंजेक्शन स्टॉकिस्टकडे कधी असतं, कधी नसतं. स्वस्त माल, कुणालाच त्यात फारसं सुटत नाही. मागे एकदा तिच्यासाठी मी फलटण, सातारा, शिरवळ अशा तीन ठिकाणी फोन केले तेव्हा एक व्हायल मिळाली. ज्यांच्या झडपा खराब झाल्यात त्यांना हे इंजेक्शन चुकवून चालत नाही. ग्रामीण रुग्णालयांत ते बारा महिने मिळायला हवं.

शेवटी आरोग्य खात्याला एक विनंती. करोनाच्या दोन वर्षांत आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव घालून माणसांच्या घशाचं सॅम्पल घेतलं जात होतं. आशाताई, परिचारिका, तंत्रज्ञ सगळे ते शिकले. रोज संध्याकाळी नळ्या घेऊन गाडी जिल्ह्याला जायची, रिपोर्ट मोबाइलवर यायचा. तोच कापूस, तोच घसा. आठवड्यातून दोन दिवस जरी अशी गाडी चालू ठेवली तर खंडाळा तालुक्यातल्या मुलाचा घसा कशामुळे धरला ते दोन दिवसांत कळेल. मला पुण्याला नळी पाठवणं परवडलं. माझ्या दुकानात चार गोळ्या मागणाऱ्या हमालाला ते परवडणार नाही आणि त्यालाही अकरा वर्षांचा मुलगा आहे.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता
लोणंद, जि. सातारा