‘पोर्तुगीजकालीन वास्तू’ एवढीच ओळख का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की वसईतल्या चर्चची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात आणि त्यांखाली बहुधा ‘पोर्तुगीजकालीन वास्तू’ एवढेच छापलेले असते. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये लहानपणापासून रविवारच्या मिस्सेला (सामूहिक उपासनेला) जात आलेल्या माझ्यासारख्याला ही ओळख फार तोकडी वाटते, म्हणून हे पत्र.

आमचे चर्च १५७३ सालचे आहे आणि त्याचा पाया पोर्तुगीज अमलात घातला गेला, हे खरेच आहे. परंतु मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला सर केल्यावर ती सत्ता येथून कायमची गेली. म्हणजे या चर्चच्या वाट्याला पोर्तुगीज अमलाची १६६ वर्षे आली आणि त्यानंतरची २८० हून अधिक वर्षे ते येथल्या माणसांनी सांभाळले आहे. त्या वेळच्या तहात मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला उपासनेची मोकळीक दिली होती. किल्ल्यातील चर्च पुढे ओस पडली, तेथल्या घंटा घाटावर गेल्या (वाईजवळच्या मेणवलीची १७०७ सालची घंटा त्यांपैकीच एक), पण आसपासच्या गावांतील धर्मग्राम (एकेका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती वस्त्या) टिकले, ते केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या कसणाऱ्या आमच्या कुपारी, म्हणजे वसईतल्या ख्रिस्ती शेतकरी समाजातल्या, पूर्वजांमुळे.

माझे वडील वेदीसेवक (उपासनेत धर्मगुरूंना मदत करणारे) होते तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि तिची उत्तरे त्यांनी अर्थ न कळताच पाठ केली होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिल्यावर ती मराठीत आली आणि वडिलांना आपण काय मागतो आहोत हे प्रथमच नीट कळले, असे ते सांगत. याच नंदाखालात जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादन केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. अशा गावच्या चर्चला आजही परक्या सत्तेच्याच नावाने ओळखावे, याचे वाईट वाटते.

मिस्सा सुटली की लाल लुगड्यातल्या आज्या बाहेर घोळक्याने थांबतात आणि आत प्रमाण मराठीत प्रार्थना म्हणणाऱ्या त्याच बाया कादोडी बोलीत एकमेकींच्या सुनेच्या बाळंतपणाची नि केळीच्या लोंगरांची चौकशी करू लागतात. गावात कोणी वारले की घंटेचे संथ टोले पडतात आणि वाडीत काम करणारा माणूस हातातले फावडे खाली ठेवून कान देतो. कोण गेले हे कळेपर्यंत त्याचे कामात लक्ष लागत नाही.

आपणांस विनंती अशी की, नाताळच्या रोषणाईची छायाचित्रे जरूर छापावीत, पण आपल्या प्रतिनिधीला एखाद्या साध्या रविवारी सकाळीही नंदाखालला पाठवावे आणि या आज्यांशी बोलू द्यावे. कादोडी समजली नाही तर त्या त्याला मराठीत सांगतील.

आपला,
एक धर्मग्रामस्थ, नंदाखाल (ता. वसई)