गहुंजेच्या चौकटीतून 2019 कुठे गेलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमवर मॅच लागली की तुमच्या क्रीडा पानावर "या मैदानावर" म्हणून एक चौकट येते, तिच्याबद्दल लिहितोय. तिच्यात असतं, 2017 ला ऑस्ट्रेलियाचा स्पिनर ओकीफने 12 विकेट काढल्या, 2024 ला न्यूझीलंडचा स्पिनर सँटनरने 13, दोन्ही टेस्ट आपण हरलो, म्हणजे पिच स्पिनर्सचं. आकडे बरोबर आहेत हो, पण मधे 2019 ला इथेच आपण साऊथ आफ्रिकेविरुद्ध 5 बाद 601 वर डाव सोडला, कोहली 254 नॉट आऊट, फास्ट बॉलर उमेश यादवच्या पण 6 विकेट, ते का नाही छापत? आणि टेस्टवरून वनडेचा अंदाज कशाला, ओकीफच्या त्या टेस्टच्या महिनाभर आधीच इंग्लंडचे 350 इथे आपण चेस केलेत, केदार जाधवचे 120 पुणेकर विसरले की काय!

ही चौकट सकाळी सकाळी आमच्या ग्रुपवर येऊन पडते. पैसेवाले फॅन्टसी गेम 2025 च्या कायद्याने बंद झाले, बरंच झालं, पण आमची फुकटची लीग चालूय, मॅचमधले खेळाडू निवडून आपली टीम करायची आणि त्यांच्या खेळावर पॉइंट. त्यात एकाचं तीन स्पिनर घ्यायचे हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं, आकडे तो नंतर शोधतो, आणि यूट्यूबवर एक जण नाही म्हणाला की दुसरा व्हिडिओ, असं करत हो म्हणणारा सापडेपर्यंत. दुसरा ऋतुराज गायकवाडशिवाय कोणाला कॅप्टनच करत नाही. त्याने पन्नास मारले की "म्हणलं होतं ना", आणि चारवर गेला की "बॉलच तसा पडला राव", म्हणजे अंदाज चुकला असं कधी होतच नाही! कॅप्टनचे पॉइंट डबल, त्यामुळे लागलेला दिवस वर्षभर ऐकावा लागतो.

1960 मधे पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना 2-4-6 देऊन यामागचा नियम ओळखा म्हणून सांगितलं, तुम्ही आकडे सुचवा, बसतात का ते मी सांगतो. बहुतेकांनी 8-10-12 सारखे आपल्या अंदाजात बसणारेच आकडे दिले आणि नियम सापडला म्हणून खूश. नियम होता फक्त चढता क्रम, 1-2-3 पण चाललं असतं, पण ते विचारून बघणारे थोडेच. तीन स्पिनरवाल्याला "स्पिनर्सना मार कधी पडला ते शोध" म्हणलं की त्याला राग येतो.

तर चौकट छापाच, पण इथल्या सगळ्या मॅचेसची छापा, आपण जिंकलेल्या, हरलेल्या, रन निघालेल्या. जागा पुरत नसेल तर शेजारचं तज्ज्ञांचं भाकीत काढा, ते कितीदा चुकलं हे तुम्ही कुठे छापता?

एक वाचक,
सहकारनगर, पुणे