नळ तुझ्या दारात आला

सेंट कॅथरिन्स, ऑन्टारिओ
जुलै अखेर

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. शेवटचं पत्र कधी लिहिलं ते विचारू नकोस. व्हॉट्सॲपवरची गुड मॉर्निंगची फुलं पत्रात धरत नाहीत, एवढं मलाही कळतं. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, साखर गोळीवर आहे, ही मजेत.

इथल्या लोकांनी मला नगरसेवकपदाला उभं राहा म्हणून गळ घातलीय. हसून घे आधी, मग पुढे वाच.

झालं असं की दुकानासमोरचा बसथांबा दोन चौक पलीकडे नेला. कॉलेजची पोरं दहा किलो तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून बर्फातून जातात. जानेवारीत एक गुजराती आजी घसरून पडल्या. मी सह्या गोळा केल्या, सभेत उभा राहून बोललो (इंग्रजीत, आणि न अडखळता, हे काकांच्या शिकवणीचं फळ), तर आता म्हणतात तुम्हीच उभे राहा. उमेदवारीला पंचवीस मतदारांच्या सह्या लागतात, ऑगस्टच्या तिसऱ्या शुक्रवारी मुदत संपते. बावीस तर काउंटरवरच झाल्या. पण थांबा परत आला तर गल्ला कुणाचा वाढणार? माझाच ना. हे इथे कुणापाशी बोलायची सोय नाही. तुझ्यापाशी तर मुळीच नाही, आणि म्हणूनच तुला लिहितोय.

त्यात डोक्यात तो मेरिट बसलाय. विल्यम हॅमिल्टन मेरिट, या गावचा दैवतच म्हण, पुतळा आहे त्याचा. 1812 च्या लढाईत घोडदळात होता, 1814 मध्ये अमेरिकनांच्या हाती सापडला, सुटून आला आणि इथे दुकान घातलं. दुकान, मिठाची विहीर, ओढ्यावर गिरणी. गिरणी म्हटल्यावर तू कान टवकारलेस, माहीत आहे. उन्हाळ्यात ओढा आटायचा आणि जातं थांबायचं. म्हणून 1818 साली पठ्ठ्याने कुणाचं तरी पातळी मोजायचं यंत्र उसनं आणलं, शेजाऱ्यांना घेऊन टेकाड मोजत वेलंड नदीपर्यंत गेला. डोक्यात एवढंच, की नदीचं पाणी आपल्या ओढ्यात आणावं. त्यातून निघाला वेलंड कालवा! मधे नायगारा असल्यामुळे ईरी सरोवरातून ऑन्टारिओ सरोवरात जहाज उतरायची सोय नव्हती, दोन्हींच्या पातळीत जवळजवळ शंभर मीटरचा फरक. 1824 मध्ये कंपनी काढली, चाळीस लाकडी लॉक बांधले (म्हणजे दारं लावलेले हौद, पाणी भरलं की जहाज वर, सोडलं की खाली), आणि 30 नोव्हेंबर 1829 ला दोन शिडाची जहाजं डोंगर चढायला निघाली. आता कालवा नवा आहे, आठच लॉक. रविवारी तिसऱ्या लॉकपाशी जाऊन बसतो. सव्वादोनशे मीटरचं धूड भिंतीला घासेल इतकं जवळ येतं, दार बंद होतं, आणि आवाज न करता ते वर वर येतं. आधी शिडी दिसते, मग रंग उडालेलं नाव, मग कठड्याला टेकून सिगारेट ओढणारा खलाशी. तुला दाखवायचंय एकदा.

1832 मध्ये मेरिट विधानसभेत गेला. तिथे कर्ज मागणारा तोच आणि मत देणाराही तोच! आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या चेअरमनचा आजोबा शोभेल. मॅकेन्झी नावाच्या एका खवट पुढाऱ्याने 1835 मध्ये कंपनीच्या वह्या उपसून त्यावर खास वर्तमानपत्रच काढलं. तू तिथे असतास तर तेच केलं असतंस. चौकशीत हिशेब गचाळ निघाले, लबाडी नाही. शेवटी 1841 मध्ये कालवा सरकारने घेतला. मेरिट पुढे 1848 ला कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष झाला आणि 1862 मध्ये जहाजावरच गेला.

इथवर मला तो आवडत होता. मग धरणाचं वाचलं. 1828 च्या नोव्हेंबरात खोल खोदकामाचे काठ ढासळले, वेलंड नदीचं पाणी घेता येईना, म्हणून ग्रँड नदीवर डनव्हिलला धरण घातलं. तुंबलेलं पाणी सिक्स नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या जमिनीत शिरलं. वर त्यांच्याच ठेवीतला पैसा त्यांना न विचारता ग्रँड नदीच्या जहाजकंपनीत घातला, ज्यात पुन्हा मेरिटच पुढे. ती कंपनीही बुडाली. त्या लोकांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला आपली गल्ली आठवली. नगरपालिकेत खेटे घालून मी लाइन वळवून आणली, आणि नळ आला तो दादांच्या गिरणीच्या दारात. बायका कळशी लावायच्या आणि हातासरशी दळण टाकून जायच्या. तू म्हणालास, ‘पाणी सगळ्यांना आलं खरं, पण नळ तुझ्या दारात आला.’ मी म्हटलं, जळतोस. दोन वर्षं बोललो नाही आपण. ते नळावरून, असंच मी सगळ्यांना सांगत आलो. पण तुमच्या टोकाला पाण्याचा जोर गेला होता, दिन्या. काकू पहाटे चारला उठून करंगळीएवढ्या धारेखाली हंडा धरून बसायच्या. मला दिसायचं. माडीवरून सरळ दिसायचं. काकू गेल्या तेव्हा फोनवर हे बोलायचं होतं, आणि मी तिकिटांचे दर सांगत बसलो.

तर आता सांग, उभा राहू का? थांबा हवाच आहे, आजी खरंच पडल्या. पण नवा थांबा ज्या चौकात गेला तिथेही कुणीतरी राहतच असेल. तिकडे मी अजून जाऊन पाहिलेलं नाही. उद्या जातो.

राणीच्या लग्नाचे फोटो पाहिले, जावई उंच आहे, छान. तू रिटायर झालास म्हणे, मग तानपुरा तरी जवारी काढून घे. वहिनींना नमस्कार.

मुदतीच्या आत फोन कर. मी रात्री नऊला दुकान बंद करतो, तेव्हा तुझ्याकडे सकाळचे साडेसहा. पाणी भरून झालं असेल तुझं.

तुझा,
सुध्या