चालणं पुरत नाही, बाबा

प्रिय आई-बाबा,

बाबा, रोज अर्धा तास चालूनही मांड्या बारीक का होतात, असं तुम्ही विचारलंत. चालण्याने दमसास वाढतो, पण स्नायू भरायला त्यांच्यावर भार पडावा लागतो. सीओपीडीत, म्हणजे तुमच्या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, अंगातला दाह स्नायू झिजवतो, धाप लागेल म्हणून हालचाल कमी होते, आणि त्यात अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या. नुसतं पडून राहणंही महागात पडतं. एका अभ्यासात निरोगी वयस्कर माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतले सुमारे 1 किलो स्नायू गेले.

आधी मोजून घ्या. हातांची छातीवर घडी घालून खुर्चीतून 5 वेळा उठायचं-बसायचं. आई, तू मोबाइलवर वेळ लाव. आशियाई लोकांसाठीच्या 2019 च्या निकषांत 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर शारीरिक क्षमता कमी धरतात. आकडा वहीत लिहा.

व्यायामही हाच. खुर्ची बिनचाकाची, भिंतीला टेकवलेली. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, पुढे झुका आणि तोंडाने श्वास सोडत उठा. बसताना धपकन बसू नका. मनात तीन आकडे मोजत खाली या, मांडीची खरी मेहनत तिथेच असते. असं 8 ते 12 वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच. उठवत नसेल तर खाली जाड उशी घ्या. जोडीला भिंतीला हात टेकून जोर आणि टाचा उचलणं. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून.

बहुतेकांचं घोडं अडतं ते भार न वाढवल्यामुळे. बारावी खेप सहज झाली की उशी काढा, मग 1 किलोची पिशवी छातीशी धरा. शेवटच्या दोन खेपा जड गेल्याच पाहिजेत. वयाची सबब चालणार नाही: 1990 च्या एका प्रयोगात नव्वदीच्या माणसांनी 8 आठवडे वजनं उचलली आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. सुरुवातीला ताकद वाढते ती मेंदू-नसांच्या सरावाने, त्यामुळे पहिल्या महिन्यात मांडीला टेप लावून हिरमुसू नका.

धाप लागणारच. 0 म्हणजे अजिबात नाही आणि 10 म्हणजे सहन न होणारी धरली, तर ती 4 ते 6 असावी. श्वास कोंडून जोर लावू नका, रक्तदाब चढतो. ऑक्सिमीटर 88 च्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. सुरू करण्यापूर्वी हे आकडे डॉक्टरांना दाखवा.

आई, तुलाही हेच करायचंय, पण तू इन्सुलिन घेतेस, म्हणून आधी साखर तपास. 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी गोड खा. संध्याकाळी व्यायाम केलास तर रात्री साखर उतरू शकते, त्यामुळे सकाळच बरी.

प्रथिनं बाबांना रोज वजनाच्या दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतील. तुझा आकडा मात्र क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघूनच ठरवू.

आणि बाबा, छातीत कफ होऊन आठ दिवस पडलात, तर उठल्यावर पिशवी बाजूला ठेवा. उशी परत घ्या आणि निम्म्या खेपांपासून सुरू करा.

तुमची लेक